माणूस नसलेल्या चित्रांतली मुलगी

१

सकाळी दालनातले दिवे लावले, तेव्हा पाच चित्रांत एक मुलगी उभी होती. तिनं तिथे असायचं काही कारण नव्हतं.

"मॅडम, हातातलं काम टाकून या," कलादालनाचे संचालक फोनवर म्हणाले. आवाज इतका उतरलेला, की मला आधी आग लागली असंच वाटलं.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. जळलेली गोदामं, भिजलेले गालिचे, तडे गेलेल्या भिंती बघण्यात माझी हयात गेली. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि ती कळणाऱ्यांचं बोलणं तर त्याहून कळत नाही. पण नुकसान ताजं आहे की जुनं, हे मात्र कळतं. त्याचाच मला पगार मिळतो.

दालन म्हणजे उंच छताची, पांढऱ्या भिंतींची एक लांबलचक खोली. दुसऱ्या दिवशी तिथे एका चित्रकार बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडायचं होतं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाई निसर्गचित्रं काढत. टेकड्या, तळी, नांगरलेली शेतं, वळणावर नाहीसा होणारा रस्ता. माणूस औषधालाही नाही. त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. दाराशी मोठा फलक होता, 'निर्मनुष्य'. समीक्षकांनी या एका शब्दावर पानंच्या पानं लिहिली होती. संचालकांनी ती सगळी वाचली असावीत, कारण ते बोलायचेही तसंच.

दाराजवळच्या भिंतीवर बाईंची अगदी सुरुवातीची सहा चित्रं होती. त्यांतल्या पाचांत ती मुलगी. उंची अंगठ्याएवढी, पिवळा फ्रॉक, एक हात कपाळावर धरून उन्हात डोळे बारीक केलेले. कुठे बांधावर, कुठे पुलाच्या कठड्याशी, कुठे वाळक्या झाडाखाली.

"शांततेचा खून केला हो कोणीतरी," संचालक म्हणाले.

"शांततेचा विमा नाही आमच्याकडे. आपण चित्रांचं बोलू."

बाई खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसल्या होत्या. सत्तरी कधीच मागे पडलेली, नखांत हिरवा रंग, पायांत चिखल सुकलेले बूट. त्या पहिल्या भिंतीकडे बघत होत्या. रडत नव्हत्या आणि ओरडतही नव्हत्या.

"उद्याचं बंद करा," त्या म्हणाल्या. "सगळी चित्रं उतरवा. मला घरी सोडा."

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, असं नका करू! अख्खं आयुष्य आहे तुमचं या भिंतींवर. आपण शोधून काढू ना कोणी केलं ते. संध्याकाळपर्यंत तरी थांबा."

"संध्याकाळपर्यंत थांबते. मग उतरवायची. मी पुन्हा कुठे टांगणार नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खोलीतला प्रत्येक माणूस 'कोणी केलं' म्हणून विचारत होता. एकट्या बाईंनी ते विचारलं नाही.

२

संचालकांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि आवाज खाली आणला. "नाव घ्यायला जीभ रेटत नाही, पण मला विचाराल तर भिंगरी."

भिंगरी ही बाईंची शिष्या. एका जागी कधी उभी राहत नाही म्हणून बाईंनीच हे नाव ठेवलेलं. बरीच वर्षं बाईंकडे शिकली, आता स्वतःची चित्रं काढते. तिच्या चित्रांत माणसंच माणसं. बाजारातली, जिन्यावरची, रांगेतली.

"काल सगळे गेल्यावर ती चित्रांखालच्या पाट्या चिकटवत एकटी थांबली होती. दालनाची दुसरी किल्ली तिच्याकडेच," संचालक म्हणाले. "आणि माणसाची आकृती इतक्या सफाईनं काढणारं दुसरं आहे कोण इथे?"

भिंगरी मागच्या खोलीत खोक्यावर बसली होती. डोळे सुजलेले.

"मीच केलं असं म्हणतायत ना?"

"म्हणतायत. केलंस का?"

"मी बाईंच्या चित्राला हात लावीन? अहो, हात तुटून पडेल माझा!" ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "तुम्हाला माहीत नाही बाई काय आहेत ते. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दिवसभर शाळेत चित्रकला शिकवायची, आणि उजाडायच्या आत चित्राचा स्टँड खांद्यावर टाकून माळावर. लोक हसायचे. एकटी बाई उन्हातान्हात बसते आणि दगडधोंडे रंगवते म्हणून. पहिल्या प्रदर्शनात एकच चित्र खपलं. कोणी अनोळखी माणूस आला, बोललाही नाही, चित्र काखेत मारून गेला. बाई म्हणतात, त्या एका माणसामुळे मी टिकले. ज्याला मी कोण हे ठाऊक नाही, त्यालासुद्धा ते हवंसं वाटलं."

"ते चित्र कुठे आहे आता?"

"इथेच की. त्या पहिल्या भिंतीवर, पुलाचं. संचालकांनी जाहिरात देऊन शोधलं. एक बाई काल दुपारी परगावाहून चादरीत गुंडाळून घेऊन आल्या. त्यांच्याकडून उसनं आणलंय. बाकीची पाच बाईंच्याच घरची."

"बाईंनी माणसं का नाही काढली कधी?"

भिंगरी पहिल्यांदा स्थिर झाली. "एकदा विचारलं होतं मी. म्हणाल्या, माणूस उठून जातो."

तिचं नाक लाल झालं होतं. मला ती खोटी वाटली नाही. पण मला वाटतं म्हणून कंपनी काही मान्य करत नाही. मी पर्समधून माझं भिंग काढलं आणि भिंतीकडे गेले.

त्या मुलीच्या पिवळ्या फ्रॉकाकडे भिंगातून बघितलं आणि मी संचालकांना हाक मारली. "अहो, इकडे या. ही मुलगी काल कोणी काढलेलीच नाही."

३

जुना तेलरंग वाळून आक्रसतो. त्याला केसासारखे बारीक तडे जातात. हे समजायला कलेची जाण लागत नाही, जुन्या दारांचे रंग बघितले तरी पुरतं.

"हा तडा बघा," मी संचालकांना म्हणाले. "आभाळातून निघालाय, खाली उतरलाय, मुलीच्या केसांतून, फ्रॉकातून जाऊन गवतात शिरलाय. कुठे तुटला नाही. काल कोणी वरून नवा रंग लावला असता तर काय झालं असतं?"

"तडा भरला असता," संचालक हळूच म्हणाले.

"म्हणजे मुलगी आणि गवत एका वयाची आहेत. दोघांना बरोबरच तडे गेले."

"पण मी ही चित्रं कितीदा पाहिलीत! इथे नुसतं गवत होतं. त्या जागेबद्दल तर समीक्षकांनी लिहिलंय, 'मध्यावरचा गूढ, मंद प्रकाश'…"

"मंद होता ना? मग त्या जागेवर आणखी एक थर होता. वेगळ्या रंगाचा, चकाकी नसलेला. मुलगी त्या थराखाली होती. कोणी तिला काढलं नाही, कोणीतरी वरचं पुसलं."

संचालक खाली बसले. मंद प्रकाशावर त्यांनी स्वतःही एक भाषण तयार केलं होतं, हे मला नंतर कळलं.

पुसलं, पण कशानं? चित्रांच्या चौकटी करणारे काका शिडीवर चढून तार आवळत होते. बाईंच्या सगळ्या चौकटी आजवर त्यांनीच केलेल्या. मी त्यांना खाली बोलावलं.

"काका, ही चित्रं साफ कशी करता?"

"बाईंच्या घरी जाऊन दरवर्षी करतो. नंतरच्या चित्रांना ओलसर फडकं चालतं. पण या जुन्यांना?" काकांनी कानाची पाळी धरली. "पाण्याचा थेंब लागता कामा नये. कोरड्या ब्रशनं झटकायची. मी एकदा चुकून ओलं फडकं पुढे नेलं, तर बाई अशा धावून आल्या, की मी शिडीवरून पडायचाच राहिलो. मी म्हटलं, असेल म्हातारपणचा तऱ्हेवाईकपणा. पण तेव्हा त्या म्हाताऱ्या कुठे होत्या?"

बांधावरच्या मुलीच्या पायाशी पुसायची राहिलेली हिरव्या रंगाची एक रेघ होती. मी संचालकांची परवानगी घेतली, कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि अलगद टेकवला. बोळा हिरवा झाला. खालून मुलीचा बूट बाहेर आला.

शाळेत पोरं वापरतात तसला साधा, पाण्यात कालवायचा रंग.

"तेलाच्या चित्रावर पाण्याचा रंग?" काका चक्रावले. "तो धरतच नाही सहसा. साबण लावून, थरावर थर देऊन बसवावा लागतो. असला उपद्व्याप करणार कोण?"

दिवसभर मुलांना चित्रकला शिकवणारी बाई, मी मनात म्हटलं. खुर्ची ओढली आणि बाईंच्या समोर जाऊन बसले.

"बाई, ही कोण आहे?"

४

बाईंनी खूप वेळ नखांतला रंग कोरला.

"धाकटी," त्या म्हणाल्या. "माझी बहीण."

मग एकेक करून आलं. दोघी बहिणी. थोरली चित्र काढायची, धाकटी स्टँड उचलायची, रंगांची पेटी सांभाळायची आणि ताई सांगेल तिथे उन्हात उभी राहायची. एवढ्या मोठ्या माळावर माणूस किती लहान दिसतो, हे ताईला बघायचं असायचं. दोघींचं ठरलं होतं, आईला आलटून पालटून बघायचं, घर मिळून चालवायचं आणि थोरलीनं चित्रं काढायची.

"आणि एक दिवस ती म्हणाली, मी लग्न करतेय, परगावी जातेय. बस्स, एवढंच. आई, घर, सगळं माझ्या गळ्यात टाकून गेली." बाईंचा आवाज आजही कडवट झाला. "दुसऱ्या दिवशी माझं पहिलं प्रदर्शन. आदल्या संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन बघते तर जिकडेतिकडे हीच. म्हटलं, गेलीस ना? मग चित्रांतूनही जा."

"आणि झाकलंत."

"झाकलं. लोक आले आणि म्हणाले, वा! काय हा एकांत. माणूसच नाही!" त्या हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं. "मी राग काढला आणि त्याचं नाव झालं. मग तीच माझी वाट झाली. पुढे मला तसंच दिसायला लागलं, खोटं नाही सांगत. पण सुरुवात ही अशी."

"म्हणून प्रदर्शन बंद?"

"उद्या लोक विचारतील, ही मुलगी कोण? काय सांगू? की निर्मनुष्य वगैरे काही नव्हतं, बहिणीवर चिडले होते?"

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला. "एक सांगा. तेलरंग हाताशी असताना पाण्याचा का घेतलात?"

"दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. तेलाचा सुकला नसता."

"ठीक. पहिल्या दिवशी घाई होती, मान्य. पण त्यानंतर झाकलेली चार चित्रं इतकी वर्षं घरात होती. तेलाचा एक हात चुटकीसरशी मारता आला असता. कायमचं मिटलं असतं. त्याऐवजी तुम्ही त्या कच्च्या रंगाला पाण्याचा थेंब लागू दिला नाहीत. झाकलंतही, आणि पुसता येईल असं ठेवलंतही."

बाईंनी पहिल्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पुसलं कोणी, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही. पाण्यानं निघतं हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही." त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "मी नाही पुसलं हो. शपथ घेते."

संचालक माझ्या कानाशी लागले. "मग त्यांनीच पुसलं असणार. वय झालंय, विसरल्या असतील."

ऐकायला पटण्यासारखं होतं. मी पण तेच धरून चालले असते, जर सहावं चित्र नसतं तर.

५

सहावं चित्र तळ्याचं. त्यात मुलगी नव्हती, म्हणून सकाळपासून कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी भिंग घेऊन बघितलं. तळ्याच्या काठावर, डाव्या बाजूला, तळहाताएवढी जागा लख्ख होती. बाकी चित्रावर ब्रशनं न निघणारी वर्षानुवर्षांची धूळ आणि पिवळटपणा, आणि तेवढ्याच जागेवर कोणीतरी ओलं कापड फिरवलेलं. चांगलं घासून. खाली नुसतं गवत.

"बाई, या चित्रात धाकटी आहे का?"

"नाही," बाई पटकन म्हणाल्या. "त्यात नाही काढली. त्या दिवशीच तर…" आणि थांबल्या.

"पण त्या दिवशी ती इथे उभी होती? या काठावर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

आता मला पुढचं स्पष्ट दिसायला लागलं. मी सगळ्यांना भिंतीपाशी बोलावलं. संचालक, काका, सुजल्या डोळ्यांची भिंगरी.

"ज्यानं पुसलं, त्याला मुलीच्या जागा बरोबर ठाऊक होत्या. इकडे तिकडे चाचपून पाहिल्याची एक खूण नाही. थेट तिथेच फडकं. म्हणजे भिंगरी गेली, काका गेले, संचालक गेले. जागा दोघींनाच माहीत. जिनं काढलं तिला, आणि जी उभी राहिली तिला. बाईंना माहीत होतं की तळ्याच्या चित्रात धाकटी नाही. त्या तिथे कशाला घासतील? तिथे घासणारीला वाटत होतं, की आपण या चित्रात आहोत. कारण त्या सकाळी ती खरंच तिथे उभी होती."

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पण तिला पाण्याचं कसं कळणार?" भिंगरीनं विचारलं.

"आता पुलाचं चित्र बघ. चादरीतून आलेलं." मी तिच्या हातात भिंग दिलं. "बाकीच्या चार मुली कशा ताज्या आंघोळ केल्यासारख्या आहेत. आणि या मुलीवर?"

भिंगरीनं श्वास रोखून बघितलं. "धूळ. आजूबाजूला आहे तेवढीच धूळ तिच्यावरही आहे!"

"म्हणजे ही काल पुसलेली नाही. केव्हाच पुसली गेलीय. ते चित्र ज्या घरात होतं, त्या घरात हे गुपित कधीच फुटलं होतं."

संचालकांनी कपाळावर हात मारला. "त्या चादरवाल्या बाई! काल दुपारी मी जेवायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, जरा बसते इथे, दमलेय. त्यांचं चित्र मी चादरही न सोडता भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ते सकाळी काकांनी टांगलं."

"आणि हे मोठे दिवे?"

"आज सकाळीच लागले," काका म्हणाले. "काल सगळा अंधुक उजेड होता."

"म्हणून काल दुपारी झालेलं तुम्हाला आज दिसलं. किल्लीचा आणि भिंगरीचा काही संबंधच नाही."

संचालक भिंगरीकडे वळले आणि काहीतरी पुटपुटले. "मोठ्यानं म्हणा," ती म्हणाली. त्यांनी मोठ्यानं माफी मागितली.

मी चादरवाल्या बाईंचा फोन नंबर घेतला. जवळच्याच एका लॉजमध्ये त्या उतरल्या होत्या. फोन लागल्यावर मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं, "तुमच्या चित्राबद्दल जरा विचारायचं होतं."

"पुसल्याबद्दल ना?" पलीकडून आवाज आला. "येते. गुडघे धरलेत, वेळ लागेल. ताई चिडलीय का फार?"

६

त्या काठी टेकत आल्या. ठेंगण्या, गोल, केस पिकलेले. दारात थांबल्या. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. दोघींमध्ये अख्खं दालन होतं आणि कोणीच पुढे येईना.

शेवटी मीच तोंड उघडलं. कोणाला तरी उघडायलाच हवं होतं.

"कंपनीच्या वतीनं विचारते. चित्रांना हात लावलात?"

"दुसऱ्याच्या वस्तूला नाही लावला," धाकटी म्हणाली. "माझ्या तोंडावरचं पुसलं."

काका खोकले. मला वाटतं ते हसू दाबत होते.

"ते पुलाचं चित्र तुमच्याकडे कसं आलं?"

"यांनी आणलं. माझ्या नवऱ्यानं. मला यायचा धीर नव्हता, म्हणून त्यांना पाठवलं, ताईनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, एक तरी चित्र आपल्या घरी असू दे. आणलं तर त्यात मीच नाही! काय रडले मी. पण टांगलं भिंतीवर. मग घराला रंग देताना शिंतोडे उडाले त्याच्यावर. ओल्या फडक्यानं पुसायला गेले आणि मी बाहेर आले की."

बाईंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "तो माणूस… तुझा नवरा होता?"

"हो."

"माझं पहिलं चित्र घरातच खपलं होतं."

मला धास्ती वाटली. ज्या एका अनोळखी माणसाच्या जोरावर ही बाई आयुष्यभर उभी राहिली, तो अनोळखी नव्हताच. हे ऐकून एखादी कोसळली असती. बाई मात्र चालत पुढे आल्या, पुलाच्या चित्राशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बोलला का नाही काही तो?"

"तू हाकललं असतंस."

"असतं," बाईंनी कबूल केलं.

"मी दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन गेले, ताई. मग ही जाहिरात दिसली. काल आले, तर भिंतीवर सगळ्या माझ्या जागा, आणि मी कुठेच नाही. पाण्याची बाटली होती, रुमाल होता. म्हटलं, चिडायचं तर चिडू दे, पण आपण मेल्यावर कोणाला कळणार की इथे कोणी उभं होतं?" तिनं डोळे पुसले. मग काठी तळ्याच्या चित्राकडे रोखली. "त्या तळ्याच्या चित्रातून मात्र मी काही केल्या निघेना. हात दुखेपर्यंत घासलं. तिथे मला कशानं झाकलंस ग?"

बाईंनी मान खाली घातली. "त्यात तुला काढलंच नाही. त्या दिवशी सकाळी तू सांगितलंस की तू जाणार. मी तुला तशीच उभी ठेवली आणि काढलं नाही."

धाकटीनं रोखलेली काठी खाली आणली.

"म्हणजे," धाकटी म्हणाली, "अख्खी सकाळ मी त्या उन्हात उगाच उभी होते?"

"हो."

"मला चक्कर आली होती, ताई! घोटभर पाणी मागितलं तर म्हणालीस, हलू नकोस, आता तुझं तोंडच काढतेय!"

"खोटं बोलले."

"माझ्या नाकाची सालं निघाली होती! लग्नात सोललेलं नाक घेऊन उभी होते मी!"

आधी भिंगरी फिसकन हसली. मग काका. मग बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि धाकटीनं काठी टाकून त्यांना धरलं. "तुझं नाक," बाई म्हणत होत्या, "अग, तुझं नाक…" आणि पुढचं त्यांना बोलवत नव्हतं. माझेही डोळे भरून आले. नोकरीवर असताना असं होऊ नये, पण झालं.

"आईला एकटीनं उचलत होते मी," बाई जरा वेळानं म्हणाल्या. "फार दमायचे. मला वाटायचं तू विसरलीस."

"मी काय जन्मभर तुझा स्टँड उचलणार होते? पण चुकलंच माझं. निदान सांगून, ठरवून जायला हवं होतं."

बाईंनी तिचा हात सोडला नाही.

संचालक घसा खाकरत पुढे आले. "बाई, मग उद्याचं?"

"उघडा. दाराशी मी स्वतः उभी राहीन. कोणी विचारलं ही कोण, तर सांगीन बहीण आहे. आणि तो दाराजवळचा फलक काढा."

"पण 'निर्मनुष्य' हे तर अख्ख्या…"

"खोटं आहे ते. काढा."

मी माझ्या कागदावर 'नुकसान नाही' एवढं लिहून सही केली. निघायला हवं होतं, पण पाय निघेना. बाईंनी भिंगरीला मागच्या खोलीतून रंगांची पेटी आणि एक कोरा बोर्ड आणायला सांगितलं होतं. दालनाच्या मागच्या अंगणात दुपार कलली होती, उजेड चांगला होता. तिथे धाकटीला खुर्ची दिली. तिच्यामागे भिंत, भिंतीपलीकडे टेकडीचा उतार.

"मला वाटलं आधी आभाळ काढतील," भिंगरी माझ्या कानात म्हणाली. "नेहमी आभाळच आधी काढतात." पण बाईंनी आभाळाला हातच लावला नाही. त्यांनी धाकटीच्या खांद्यापासून सुरुवात केली होती.

धाकटी बसल्या बसल्या घरच्या गोष्टी सांगत होती, नवऱ्याच्या, मुलांच्या, गुडघ्यांच्या. बाई मधेच "हलू नकोस ग" म्हणून ओरडत होत्या. ऊन भिंतीवरून वर सरकलं. शेवटी बाईंनी ब्रश पुसला आणि म्हणाल्या, "झालं तुझं. ऊठ आता, अंग आखडलं असेल."

धाकटीनं खुर्चीचे दोन्ही हात पकडून ठेवले. "एकदा फसले. आधी बोर्ड इकडे फिरव. मी आहे का बघते, मगच उठते."

बाईंनी बोर्ड फिरवला.